दातेरी कडांच्या आतले जैन

सव्वा आण्याचं एक जांभळं तिकीट आहे, १९३५ सालचं. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या वर्षीच्या मे महिन्यात सात तिकिटांचा संच निघाला. राजा सातही तिकिटांवर आहे, पण दर तिकिटावर त्याच्या जोडीला एक वेगळी इमारत आहे. गेटवे ऑफ इंडिया, कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल, रामेश्वरचं देऊळ, ताजमहाल, अमृतसरचं सुवर्णमंदिर, मंडालेचा पॅगोडा (ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच मोजला जायचा) आणि सव्वा आण्याच्या वाट्याला कलकत्त्याचं जैन मंदिर.

हे शीतलनाथाचं मंदिर. बद्रीदास नावाच्या जवाहिऱ्यानं १८६७ मध्ये बांधलेलं. काचा, आरसे, बाग, पुतळे, सगळा थाट जवाहिऱ्याला शोभेल असा. तिकीट निघालं तेव्हा देवळाला जेमतेम अडुसष्ट वर्षं झाली होती. अबूचा संगमरवर, राणकपूरचे खांब, श्रवणबेळगोळचा बाहुबली हे सगळं शेकडो वर्षं जागच्या जागी उभं असताना निवड ह्या देवळाची का झाली असेल? माझा आपला अंदाज असा की कलकत्त्यात राहिलेल्या साहेबांना ते ठाऊक होतं. पाहुणा आला की संध्याकाळी दाखवायला न्यायची जागा. खाली नाव लिहितानाही शीतलनाथ नाही, बद्रीदास नाही; नुसतं 'जैन मंदिर, कलकत्ता'. साम्राज्यात जैन नावाची एक जमात आहे, तिचं एक देऊळ आहे, त्याची नोंद झाली, संपलं.

हा संच छापला गेला नाशिकला, सिक्युरिटी प्रेसमध्ये. त्या छापखान्यापासून थोड्याच अंतरावर म्हसरूळला गजपंथाचा डोंगर आहे, जैनांचं जुनं सिद्धक्षेत्र, म्हणजे जिथून मुनी मोक्षाला गेले असं मानतात ती जागा. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही दोन ठिकाणं नकाशावर इतकी जवळ आहेत हे लक्षात आलं तेव्हा गंमत वाटली.

माझं ह्या तिकिटांशी नातं थोडं अडचणीचं आहे, म्हणून हे लिहितोय. मी कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातला मराठी जैन. आमच्याकडे देवळाला बस्ती म्हणतात, घरात मराठी बोलतात, शेतात ऊस असतो आणि आडनाव पाटील असतं. पुण्या-मुंबईत पाटील आडनाव सांगून जैन म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो. जैन म्हणजे मारवाडी किंवा गुजराती, दुकान, पेढी, पांढरे कपडे. ऊसवाला जैन त्याच्या हिशेबात बसत नाही. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली, म्हणजे आम्ही काही काल उगवलेलो नाही; पण प्रत्येक पिढीला हा खुलासा नव्यानं करावा लागतो.

तिकिटं मी लहानपणापासून जमवतो. पूर्वी देशवार लावायचो, मग सालवार. अलीकडे सगळे संग्राहक विषयवार लावतात: रेल्वे, पक्षी, गांधी. आपणही 'जैन वारसा' असं पान करावं म्हणून बसलो, आणि पान भरता भरता घरात वाद सुरू झाला. तो पुढे येईलच.

पहिला मान १९३५ च्या जांभळ्या तिकिटाला. दुसरा १९४९ ला.

स्वतंत्र भारताची नेहमीच्या वापरातली पहिली मालिका १५ ऑगस्ट १९४९ ला आली. सोळा तिकिटं, विषय प्राचीन शिल्प आणि वास्तू. सुरुवात पैंपासून. अजिंठा, कोणार्क, घारापुरीची त्रिमूर्ती, सांची असं चढत चढत जाऊन एक रुपयाला चितोडचा विजयस्तंभ, दोनला लाल किल्ला, पाचला ताजमहाल, दहाला कुतुबमिनार. आणि सगळ्यांच्या वर, १५ रुपयांना, पालिताण्याचं शत्रुंजय. पंधरा रुपये म्हणजे २४० आणे. साधं पत्र त्या काळी दोन-चार आण्यांच्या वर जात नसे. त्यामुळे ताजमहालाच्या तिप्पट किमतीचं हे तिकीट घरच्या टपालात दिसणं अशक्यच; ते जायचं जड पार्सलांवर, पेढ्यांच्या व्यवहारात. ज्या डोंगरावर आठशेच्या वर देवळं आहेत, जिथं साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या चढून जायचं आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरायचं, कारण रात्री वर कुणी मुक्काम करत नाही, तो डोंगर टपालातही चढायला महागच राहिला.

पालिताण्याला पैशाचा संदर्भ तसा जुनाच. संस्थानचे ठाकोर यात्रेकरूंकडून कर घेत आणि त्यावरून जैन समाज आणि दरबार ह्यांच्यात कितीतरी वर्षं तंटा चालला होता. १८८६ मध्ये तडजोड झाली: माणशी कर नाही, समाजानं वर्षाला १५,००० रुपये ठरावीक द्यायचे. पुढे १९२६ ला त्या तडजोडीची मुदत संपल्यावर पुन्हा भडका उडाला आणि १९२८ पर्यंत जैनांनी यात्रेवरच बहिष्कार घातला. देवाला जायचं नाही हा सत्याग्रह! भाविक माणसाला ह्याहून अवघड काय असेल? १९४९ ला तिकीट निघालं तोवर पालिताणा विलीन झालं होतं आणि ठाकोरांची सत्ता इतिहासजमा झाली होती.

१८८६ ची तडजोड घडवण्यात ज्याचा मोठा हात होता तो माणूस तेव्हा बावीस वर्षांचासुद्धा नव्हता की नुकताच झाला होता. वीरचंद राघवजी गांधी. जन्म १८६४, महुवा. शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात. जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीस. त्यांच्यावर २००२ साली पाच रुपयांचं तिकीट निघालं. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेतलं एकच भाषण आपल्याला पाठ असतं. त्याच व्यासपीठावर काठेवाडी पगडी घातलेले वीरचंदही जैन धर्मावर बोलले होते. खरं आमंत्रण होतं आचार्य आत्मारामजींना. पण साधू वाहनात बसत नाहीत, समुद्र ओलांडत नाहीत. म्हणून श्रावक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, गेला. आणि परत आल्यावर काय झालं, तर समुद्र ओलांडला म्हणून स्वतःच्याच लोकांपैकी काहींनी त्यांच्याविरुद्ध काहूर उठवलं. १९०१ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते वारले.

माझ्या पानावर वीरचंदांच्या शेजारी मी वालचंद हिराचंदांना लावलंय (तिकीट २००४). सोलापूरचे वालचंद, १८८२ चा जन्म, दिगंबर जैन घर. ५ एप्रिल १९१९ ला त्यांच्या सिंधिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. त्या तारखेला आजही देश राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. बोट चढल्याबद्दल एका श्रावकाला बोल लावले गेले आणि पाव शतकानं दुसरा श्रावक बोटींचाच मालक झाला. समाज असा बदलतो. ठराव करून नव्हे. साधारणपणे कुणीतरी फायद्यात येतं तेव्हा.

आता १९७४. महावीरनिर्वाणाचं अडीच हजारावं वर्ष. १३ नोव्हेंबरला २५ पैशांचं तिकीट निघालं, म्हणजे रोजच्या पाकिटाचं. त्यावर महावीर नाहीत. पावापुरीचं जलमंदिर आहे, तळ्याच्या मधोमध उभं असलेलं पांढरं देऊळ. तिथं महावीरांवर अंत्यसंस्कार झाले. चितेची रक्षा आणि मग तिथली मातीसुद्धा लोकांनी इतकी उचलली की खड्डा पडून तळं झालं, अशी कथा आहे. म्हणजे भक्तांच्या संग्रहाच्या हावेतून झालेलं तळं! तिकिटं जमवणाऱ्यानं ही कथा जरा खाली मान घालूनच वाचावी.

तीर्थंकराची मूर्ती तिकिटावर न घेण्यामागं टपाल खात्याचा विचार काहीही असो, मला तो निर्णय आवडतो. आमच्याकडे आशातना, म्हणजे पवित्र गोष्टीचा अवमान, हा प्रकार फार मानतात. देवाचं चित्र असलेली लग्नपत्रिका रद्दीत घालता येत नाही, पायाखाली येऊ देता येत नाही. बस्तीत अशा पत्रिकांचा एक गठ्ठाच साचलेला असतो, त्याचं काय करायचं कुणाला कळत नाही. तिकिटाची गत तर आणखी वाईट. मागून थुंकी लावायची, पुढून शिक्का हाणायचा, आणि पत्र वाचून झालं की पाकिटासकट केरात. जलमंदिराच्या कळसावर शिक्का बसला तर चालून जातं. मूर्तीच्या तोंडावर बसला असता तर माझ्या आज्जीनं ते पाकीट देव्हाऱ्यामागं खोचून ठेवलं असतं आणि आतलं वीजबिल कधीच भरलं गेलं नसतं.

त्या वर्षी आणखी एक घडलं. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी, तेरापंथी ह्या चारही परंपरांना मान्य होईल असा ग्रंथ व्हावा हा आग्रह विनोबांनी धरला होता आणि त्यातून जिनेंद्र वर्णींनी संकलित केलेलं 'समणसुत्तं' तयार झालं. जैनांना एकत्र बसवायला गागोद्याचा ब्राह्मण लागला. विनोबांनी पुढं १९८२ मध्ये पवनारला अन्नपाणी आणि औषध सोडून देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा, म्हणजे महावीरांच्या निर्वाणाचाच. १५ नोव्हेंबर १९८३ ला त्यांच्यावर तिकीट निघालं. ते माझ्याकडे आहे. 'जैन वारसा' पानावर लावायचं की नाही? आत्ती म्हणाली, "लाव की. आमच्यातले किती जण तसं मरायचं धाडस करत्यात?" अण्णा म्हणाले, मग गांधींनाही लाव, त्यांच्यावर प्रभाव टाकणाऱ्या जैन विचारवंत श्रीमद् राजचंद्रांमुळं. असं करत गेलं तर पान संपायचंच नाही, म्हणून विनोबा सध्या वेगळ्या पाकिटात आहेत.

१९८१ च्या तिकिटाबद्दल मात्र घरात मतभेद नाहीत. ९ फेब्रुवारीला एक रुपयाचं तिकीट निघालं, श्रवणबेळगोळच्या गोम्मटेश्वराचं. गंग राजांचा मंत्री चामुंडराय ह्यानं एका अखंड शिळेतून ही ५७ फुटांची मूर्ती घडवून घेतली त्याला हजार वर्षं झाली होती. महामस्तकाभिषेक होता. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली ती तेव्हाचीच. आमच्या भागातून गाड्याच्या गाड्या भरून माणसं गेली होती. दूध, हळद, चंदन, उसाचा रस मूर्तीवरून ओघळताना बघितलेली माणसं अजून सांगतात, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मूर्ती थोडी उंच होते.

पण ह्या तिकिटावर माझा जीव आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. त्या मूर्तीच्या पायाशी, दोन्ही बाजूंना, लेख कोरलेले आहेत. कन्नड, तमिळ आणि मराठी. 'श्रीचावुंडराजें करवियलें' आणि दुसरीकडे 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. पहिल्यात मूर्ती कुणी करवली ते आहे, दुसऱ्यात भोवतालचं आवार कुणी बांधलं ते. हा गंगराज होयसळांचा सेनापती, म्हणजे दुसरं वाक्य शंभर-सव्वाशे वर्षांनंतरचं. मराठीतलं पहिलं कोरीव वाक्य म्हणून आम्हाला शाळेत हेच शिकवलं. पुढं अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख पुढं आला, आणखीही दावेदार आले, आणि पहिलेपणाचा मान वादात सापडला. गेला तर गेला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की म्हैसूरकडच्या टेकडीवर, कन्नड राजवटीत, कुणाला तरी मराठीतही लिहावंसं वाटलं. वाचणारे तिथं येत असल्याशिवाय दगडावर इतका खर्च कोण करतो? आमच्या बोलीत निम्मे शब्द कानडी असतात आणि आमच्या यात्रा कर्नाटकात असतात. पाटील आडनावाचा जैन कुठून आला असं विचारणाऱ्याला मी आता हे तिकीट दाखवतो. ती अक्षरं त्यावर दिसत नाहीत, पण तोंडी सांगायला निमित्त होतं.

१९९० नंतर तिकिटांवर साधू यायला लागले. मिश्रीमलजी महाराज १९९१ ला. अणुव्रत चळवळीचे आचार्य तुलसी १९९८ ला. आनंदऋषीजी २००२ ला, तेरापंथाचे आचार्य भिक्षू २००४ ला, विजयवल्लभसुरी २००९ ला. त्याच २००९ मध्ये दिलवाडा आणि राणकपूर ह्यांची जोडी निघाली; उशीर झाला, पण निघाली. ह्यातले आनंदऋषीजी आपल्या नगर जिल्ह्यातले, चिचोंडीचे. लहान वयात दीक्षा, पुढं श्रमण संघाचे आचार्य, १९९२ ला नगरलाच देह ठेवला. ते स्थानकवासी, म्हणजे मूर्ती न मानणारे. तुलसी आणि भिक्षू ह्यांचा तेरापंथही तसाच. ज्या परंपरांनी प्रतिमेची पूजा नाकारली त्यांचे आचार्य प्रतिमा होऊन दातेरी कडांच्या चौकटीत बसले. अनुयायांनी त्या तिकिटांच्या फ्रेमा करून भिंतीवर लावल्या. ह्यावर कुणी बोलत नाही आणि मीही नातेवाइकांत बोलत नाही.

ह्या काळात आणखी एक भानगड झाली. २०११ पासून टपाल खात्याची 'माय स्टॅम्प' योजना आहे. पैसे भरून कुणालाही आपलं चित्र तिकिटाच्या शेजारी छापून घेता येतं. तेव्हापासून दर चातुर्मासात मोबाइलवर निरोप फिरतो: अमुक महाराजांच्या सन्मानार्थ भारत सरकारचं तिकीट! सोबत बारा तिकिटांच्या पानाचा फोटो. संग्राहक ह्या दोन गोष्टींत फरक करतात आणि तो करायलाच हवा. स्मारक तिकिटाचा प्रस्ताव समितीपुढं जातो, ते देशभर विकलं जातं, सोबत माहितीपत्रक निघतं. 'माय स्टॅम्प'ला फक्त पावती लागते. पण हे कुणाला समजावून सांगायला गेलं की आपण महाराजांचा अपमान केला असं होतं. हल्ली मी उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळा होतो.

आता तो वाद. विषय कर्मवीर भाऊराव पाटील. ९ मे १९८८, त्यांच्या स्मृतिदिनी निघालेलं साठ पैशांचं तिकीट.

भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घर जैन. आज कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर आणि २८ फुटी मूर्ती आहे, त्यामुळे गावाचं नाव घेतलं की आमच्याकडे हात आपोआप जोडले जातात. तिकिटावर अर्थातच जैन असा शब्द नाही, विक्रम साराभाईंच्या १९७२ च्या तिकिटावर तो नाही तसाच. कशाला असेल? मी विचारलं, ह्यांना पानावर लावू का?

"आपलाच की तो. विचारतोस काय?" आत्ती.

अण्णांना ते अजिबात पटलं नाही. अण्णा भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचे विद्यार्थी, रयतचेच शिक्षक. त्यांचं म्हणणं, भाऊरावांना जैनांच्या पानात घालणं म्हणजे त्यांना पुन्हा त्या बोर्डिंगात कोंडणं. प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापूरला शिकताना भाऊराव जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत या असं सांगितलं गेलं. त्यांनी आंघोळ केली नाही. बोर्डिंग सुटलं. पुढं १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था, मग साताऱ्याला सगळ्या जातींच्या पोरांचं एक वसतिगृह, एक पंगत. "ज्या माणसानं दाराशी पाण्याची बादली नाकारली," अण्णा म्हणाले, "त्याला तू परत आत ओढतोयस."

मी गप्प बसलो, कारण मुद्दा खोटा नव्हता. पण दोन-तीन दिवस तिकिटं चिमट्यानं इकडून तिकडे करताना मला उलटं वाटायला लागलं. पानावर जे आहे ते बघा. संगमरवर, डोंगर, आचार्य, उद्योगपती, शिकागोला जाणारा बॅरिस्टरी थाटाचा वक्ता. सगळं भव्य आणि सगळं वादातीत. भाऊरावांशिवाय हे पान म्हणजे १९३५ सारखंच: जैन नावाची जमात, तिची सुंदर देवळं. बोर्डिंगच्या दारातली ती बादली हासुद्धा जैन वारसाच आहे, आणि ती ओलांडणारा पोरगाही. वीरचंदांना समुद्रावरून बोल लावणारे जैन होते, भाऊरावांना आंघोळ सांगणारे जैन होते, आणि ज्यांना बोल लागले तेही. दोघांपैकी एकच बाजू अल्बमात लावायची आणि तिला वारसा म्हणायचं, हे मला तरी अप्रामाणिक वाटतं. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात म्हणणाऱ्या अनेकान्ताचं नाव घेतो ना आपण उठता-बसता?

लावलं. गोम्मटेश्वराच्या खाली, मधोमध. अण्णांनी बघितलं, चष्मा पुसला आणि "निदान साधूंच्या ओळीत बसवला नाहीस," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून ही परवानगीच समजायची असते.

आत्तीनं पान हातात घेतलं ते मात्र बराच वेळ ठेवलंच नाही. बोटानं एकेक तिकीट मोजत गेली. मग म्हणाली, "पोरांना भाकऱ्या कुणी घातल्या?"

लक्ष्मीबाईंनी. भाऊरावांच्या पत्नी. सोवळ्यात वाढलेली बाई. वसतिगृहातल्या सगळ्या जातींच्या मुलांना तिनं आपल्या हातानं जेवू घातलं, आणि दाणे संपले तेव्हा अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही काढून दिलं. १९३० मध्ये गेली.

"मग ती कुठं आहे ह्यात? आणि बायकाच कुठं आहेत?"

मी पान पुन्हा बघितलं. जॉर्ज राजा धरून सगळे पुरुष. ज्या धर्मात आजही साध्वींची संख्या साधूंपेक्षा जास्त आहे, त्याच्या माझ्या पानावर एक बाई नाही. आत्ती सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकलेली. पंडिता सुमतीबाई शहांचं नाव तिनं लगेच घेतलं. मग मुंबईत श्राविकाश्रम काढणाऱ्या मगनबाईंचं. विधवा मुलींना आणून शिकवत होत्या, ते काय कमी आहे का, तुझ्या त्या जहाजापेक्षा?

तिकिटाचा प्रस्ताव टपाल खात्याकडे कुणालाही पाठवता येतो, असं मी बोलून गेलो. तेव्हापासून ती रोज फोन करून अर्जाचं कुठवर आलं विचारते. पहिलं नाव लक्ष्मीबाईंचं घालायचं, ह्यावर अण्णाही तयार आहेत. फक्त अर्जात जैन हा शब्द नको, असं त्यांचं म्हणणं. आत्ती म्हणते, असूदेच.